रस्ते अपघातात घरातला कमावता माणूस गेला, ड्रायव्हरवर पोलीस केस सुरू आहे. भरपाईसाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो. फौजदारी खटल्याचा उद्देश ड्रायव्हरला शिक्षा हा असतो. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली वेगळा अर्ज करा. खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसू नका: कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी दावा आपोआप पडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी सौम्य असते. अर्ज तुम्ही राहता तिथेही करता येतो. ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा.

रक्कम कशी निघते? समजा वय ३५, स्वतःचा धंदा, महिना २०,००० उत्पन्न, अवलंबून चौघे. भविष्यातली वाढ ४० टक्के धरून २८,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता २१,०००. त्याला १२ ने आणि वयानुसार ठरलेल्या १६ या गुणकाने गुणलं की ४०,३२,०००. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी.

बहुतेक दावे उत्पन्नाच्या पुराव्यावर अडतात. आयकर विवरणपत्र, बँक पासबुक, पगारपत्रक यांपैकी काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं आणि रक्कम निम्म्यावरही येऊ शकते. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवालाच्या प्रती लगेच घ्या.

दोष सिद्ध करणं अवघड असेल तर कलम १६४ खाली ठरावीक ५ लाख मिळतात. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तर २ लाख, त्याचा अर्ज मात्र वेगळा.