अँटी-डंपिंग ड्युटी : पहिली ऑर्डर देण्याआधी

चीनमधून माल पहिल्यांदाच मागवताय, म्हणून सांगतो. नुसत्या एचएस कोडवर (कस्टम्समध्ये माल ओळखायचा आकडा) भिस्त ठेवू नका. अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे परदेशातून पाडलेल्या भावात येणाऱ्या मालावरचं जादा आयात शुल्क, कोडपेक्षा मालाच्या वर्णनावर ठरते, कोड बहुतेक वेळा फक्त दिशा दाखवायला असतो. अर्थ मंत्रालयाची अधिसूचना उघडा आणि तक्त्यातला उत्पादकाचा रकाना नीट वाचा. नाव असलेल्या कारखान्याला एक दर, बाकी ‘कोणताही’ म्हणून जो उरतो त्याला बहुधा सगळ्यात चढा. त्यामुळे विकणारा ट्रेडर कोण, यापेक्षा माल बनवला कोणी हे आधी लेखी मागा. तिसऱ्या देशातून फिरवून आणू म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मूळ देश कस्टम्स विचारतंच.

अधिसूचनेच्या हिंदी प्रतीत ‘प्रतिपाटन’ किंवा ‘पाटनरोधी शुल्क’ दिसेल, चिनी कागदात ‘फान-छिंगश्याओ’. गोष्ट तीच.

आणि डंपिंग म्हणजे तोट्यात विक्री, असं धरून चालू नका. निर्यातीचा भाव त्यांच्याच देशातल्या विक्रीच्या भावाहून कमी असला तरी पुरे. चौकशी डीजीटीआर (वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय) करतं, शिफारस देतं. लावायची की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं. साधारण 5 वर्षांची मुदत, पुढे आढावा घेऊन वाढूही शकते.

हिशेबात एक मेख आहे. आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) या ड्युटीसकट रकमेवर लागतो. त्याचं क्रेडिट (पुढे भरायच्या जीएसटीतून वजावट) मिळतं, ड्युटीचं मात्र नाही. ती थेट लँडेड कॉस्टमध्ये (माल हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च) धरूनच गिऱ्हाइकाला भाव द्या.