वाचकांचे प्रश्न : 'सर्व्ह ॲज' आणि चादरीवरचा पुठ्ठा

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टर्किश टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी काम करतो. परदेशी पाठवायच्या चादरींच्या पाकिटात घालण्याच्या पुठ्ठ्यासाठी मी 'धिस चादर इज सर्व्ह्ड ॲज अ ब्लँकेट' असे वाक्य लिहिले होते. तिकडच्या गिऱ्हाइकाने 'इज सर्व्ह्ड' या शब्दांखाली लाल रेघ ओढून मजकूर परत पाठवला. कारण मात्र कळवले नाही. 'या चादरीचा पांघरूण म्हणून उपयोग केला जातो' हे इंग्रजीत याहून वेगळे कसे लिहावे? 'सर्व्ह ॲज', 'ॲक्ट ॲज' आणि 'इज यूज्ड ॲज' या तिन्हींचा अर्थ एकच आहे का? पुठ्ठ्यावर नेमके काय छापावे, तेही कृपया सांगावे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेला पुठ्ठा माझ्यासमोर आहे. रेघ योग्य ठिकाणी मारलेली आहे आणि चूक एवढ्याशा 'इज'ची आहे. पण त्या 'इज'मुळे आपली चादर थेट जेवणाच्या ताटात जाऊन पडली आहे. 'इज सर्व्ह्ड ॲज' असे म्हटले की इंग्रजी वाचकाला कोणीतरी काहीतरी वाढत आहे असेच वाटते. 'शेंगा चटणी इज सर्व्ह्ड ॲज अ साइड डिश' हे वाक्य निर्दोष आहे, कारण चटणी स्वतः काही वाढत नाही, ती भाकरीशेजारी कोणीतरी वाढतो. चादर मात्र कोणी वाढत नाही. ती स्वतःच पांघरुणाचे काम करते, म्हणून इंग्रजीत तीच कर्ता होते : 'धिस चादर सर्व्ह्ज ॲज अ ब्लँकेट.'

ही चूक आपल्याकडून वारंवार का होते, हे समजून घेणे मला नियमापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीत आपण 'उपयोग केला जातो', 'वापरली जाते' अशी रचना सहज करतो आणि तिच्यात वापरणारा माणूस पडद्याआड उभा असतो. त्या रचनेला इंग्रजीत 'इज यूज्ड ॲज' हाच जोड आहे आणि तिथे 'इज' हवेच, कारण वस्तू वापरली जाते, ती स्वतःला वापरत नाही. 'सर्व्ह' या क्रियापदाची घडण वेगळी आहे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'सर्व्हुस' या शब्दात, म्हणजे दास किंवा सेवक या अर्थाच्या शब्दात आहे, आणि सेवा बजावणारा तो कर्ता हा मूळ अर्थ आजही त्या क्रियापदात शिल्लक आहे. म्हणून 'सर्व्ह ॲज' लिहिण्यापूर्वी मनात 'उपयोग केला जातो' असे न म्हणता 'काम देते' किंवा 'कामी येते' असे म्हणून पाहावे. 'चादर पांघरुणाचे काम देते' हे वाक्य मनात आले, तर 'इज' लेखणीतून उतरणारच नाही.

आता अर्थाच्या छटेकडे वळतो, कारण आपल्या पुठ्ठ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. एखादी वस्तू तिच्या नेमून दिलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कामी येते, किंवा दुसऱ्या वस्तूची जागा भरून काढते, तेव्हा 'सर्व्ह ॲज' विशेष शोभतो. सोलापूरच्या घरांत एकच चादर काय काय होते, हे आपल्याला सांगायला नको. नवी असताना ती पाहुण्यांच्या अंथरुणावर जाते, दोन-चार वर्षे रोजच्या पांघरुणात काढते, मग उन्हाळ्यात गच्चीवर तिच्यावर पापड आणि कुरडया वाळतात, आणि घर बदलायची वेळ आली की चार टोके बांधून तिचेच गाठोडे होते. यांतल्या पापड-कुरडयांच्या आणि गाठोड्याच्या कामाला 'सर्व्ह ॲज' अगदी चपखल बसतो. पण ज्या कामासाठी ती विणली गेली, त्याच कामाला हा शब्दप्रयोग लावला तर वाचणाऱ्याला वाटते की ही मुळात पांघरण्याची वस्तू नाही, वेळ भागवण्यापुरती पांघरता येते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीबद्दल असा समज होऊ देणे मला मुळीच पटत नाही. मुख्य काम सांभाळून एखादी वस्तू दुसरेही काम करत असेल, तर 'डबल्स ॲज' हा आणखी एक नेमका शब्दप्रयोग आहे : रात्री पांघरूण आणि दिवसा पलंगपोस होणारी चादर 'डबल्स ॲज अ बेडस्प्रेड'.

माणसांच्या बाबतीत 'सर्व्ह ॲज' म्हणजे पद सांभाळणे, आणि तिथे कमीपणाची छटा उरत नाही, उलट कर्तव्याची येते. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि पुढे तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्यांच्याविषयी 'ही सर्व्ह्ड ॲज डायरेक्टर' असे लिहिता येते, आणि त्यांच्या सोलापुरातल्या घरात आज स्मारक आहे, त्याविषयी 'हिज हाउस नाउ सर्व्ह्ज ॲज अ मेमोरियल' असे. पहिल्या वाक्यात 'डायरेक्टर'आधी 'अ' नाही, दुसऱ्यात 'मेमोरियल'आधी आहे. एका वेळी एकच व्यक्ती धारण करते अशा पदापूर्वी हे उपपद बहुधा गळते. वस्तूंच्या बाबतीत ते ठेवावे लागते. पुठ्ठ्यावर आपण 'अ ब्लँकेट' लिहिले होते, ते बरोबरच होते.

'ॲक्ट ॲज' थोडा निराळा आहे. वस्तूच्या अंगच्या गुणामुळे काही परिणाम घडत असेल, तर तो वापरावा. तुरटी सुती कापडावर नैसर्गिक रंग पक्का धरून ठेवते. तिच्याविषयी 'ॲलम ॲक्ट्स ॲज अ मॉर्डंट' असे म्हणतात. इथे तुरटीचा रासायनिक गुण काम करत असतो, नुसती सोय होत नसते. माणसाविषयी वापरला तर 'ॲक्ट ॲज' बहुधा तात्पुरते काम दाखवतो : बैठकीपुरता दुभाषी झालेला कारकून 'ॲक्टेड ॲज अ ट्रान्सलेटर', आणि प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे 'ॲक्टिंग हेडमास्टर'. या अर्थाने 'इज ॲक्टेड ॲज' असेही कधी लिहू नये. कारण तेच, जे वर सांगितले.

'सर्व्ह'नंतर नाम न येता क्रियापद यायचे असेल, तर 'ॲज' जाऊन 'टू' येतो. टॉवेलचा काठ दुमडून मारलेली शिवण धागे सुटू देत नाही : 'द हेम सर्व्ह्ज टू कीप द एज फ्रॉम फ्रेइंग.' अमूर्त गोष्टींसाठी मात्र पुन्हा 'ॲज'च हवा. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांचे पुतळे आपल्या शहरात आहेत. ते त्या बलिदानाची आठवण देत राहतात, हे 'द स्टॅच्यूज सर्व्ह ॲज अ रिमाइंडर' या शब्दांत नेमके सांगता येते. अनेकवचनी कर्त्यामुळे इथे 'सर्व्ह्ज' झाले नाही, तेवढे ध्यानात घ्यावे.

'ॲज'च्या जागी 'लाइक' घालू नये, हेही जाता जाता सांगतो. 'ॲज' म्हणजे आपला 'म्हणून' आणि 'लाइक' म्हणजे 'सारखा'. चादर पांघरूण म्हणून कामी येते, पांघरुणासारखी नव्हे.

तेव्हा पुठ्ठ्यावर दोन वाक्ये छापावीत, असे मी सुचवतो. मुख्य काम पहिल्या वाक्यात सरळ सांगावे : 'धिस कॉटन चादर इज अ ब्लँकेट फॉर ऑल सीझन्स.' दुसऱ्यात जोडीचे काम : 'इट कॅन ऑल्सो सर्व्ह ॲज अ बेडस्प्रेड.' 'कॅन' आल्यामुळे 'सर्व्ह' मूळ रूपातच राहील, 'सर्व्ह्ज' होणार नाही. मजकूर छापखान्यात देताना तेवढे एक अक्षर पुन्हा तपासून घ्यावे.