मोठेपणी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, कामं वेळेत उरकणं जड जातं ती स्थिती) निदान झालंय, बडोद्यात राहतो. कोचिंगमधून नेमकं काय मिळतं?

कोच निदान करत नाही, औषधही देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं. कोचशी साधारण आठवड्यातून एकदा, बहुधा व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं: कुठलं काम अडलंय, त्याचा पहिला छोटा तुकडा कोणता, आठवण कशी राहील. माझं वीजबिल दर वेळी राहून जायचं. कोचनं ‘नीट लक्ष दे’ असं एकदाही म्हटलं नाही. दांडिया बाजारातून घरी आलं की चप्पल काढायच्या आधी मोबाइलवर बिल भरायचं, एवढंच ठरवलं. ते टिकलं! ‘आळशी’ ऐकून ऐकून मन दुखावलं असेल, तर समुपदेशक वेगळा गाठा. भारतात कोचिंगच्या कामाला परवाना लागत नाही, म्हणून प्रशिक्षण कुठं घेतलं ते आधी विचारा. ‘औषधं सोडा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.