वाचकांचे प्रश्न : ‘अप्रतिम, जरूर वाचा’ म्हटलं तरी कुणी का वाचत नाही?

प्रश्न : घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वाचून झालेल्या पुस्तकांची मुखपृष्ठं मी तिथे टाकते. अंगठे येतात, बदाम येतात, पण वर्षभरात एकीनंही त्यातलं काही वाचलेलं नाही. माझं काय चुकतं?

उत्तर : ‘अप्रतिम’ या शब्दातून तुम्हाला काय वाटलं ते कळतं. पुस्तक आपल्याला झेपेल का, हे समोरचीला कळत नाही. शिवाय वीस जणींना मिळून सुचवलेलं पुस्तक एकीलाही आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. ग्रुपवर ‘सध्या हे वाचतेय’ एवढंच सांगा. सुचवायचं ते एका वेळी एकीला, तिच्या नावानं.

आधी तिला दोन गोष्टी विचारा. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं, आणि अर्धवट सोडलेलं कोणतं व साधारण कितव्या पानाला? दुसरं उत्तर जास्त कामाचं. विसाव्या पानाच्या आत सोडलं असेल तर बहुधा भाषा किंवा बारीक टाइप आडवा आलेला असतो. मधेच सोडलं असेल तर चार दिवसांचा खंड पडला आणि कोण कुणाचा काका ते विसरायला झालं. अशा वाचकाला पाचशे पानी कादंबरी देऊ नये, कथासंग्रह द्यावा. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात दहा-बारा पानांची एक कथा आरामात होते. ‘तुला कोणता विषय आवडतो’ हे मात्र विचारू नका. सगळे ‘काहीही चालतं’ म्हणतात आणि काहीही चालत नाही.

मग निरोप लिहा. पुस्तक केवढं आहे, गोष्ट कुठली आणि कुणाची, सुरुवातीला काय अडेल, प्रत कुठे मिळेल. शेवट सांगायचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) सुचवायची असेल तर असं : ‘एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि पोरं तर मेंढरांमागे. छोटी आहे, दोन रविवारांत होईल. संवाद बोलीतले आहेत, पहिली पंधरा पानं सावकाश वाच, मग कानाला सवय होते. माझी प्रत आहे, शनिवारी आणते.’ यातलं ‘काय अडेल’ लोक हमखास गाळतात, आणि वाचणारीही तिथेच अडते. मजकुरात आजारपण किंवा जवळच्याचा मृत्यू असेल तर तेही आधी सांगावं. घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं आणि आपण प्रेमानं नेमकं तेच हातात ठेवतो.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यात ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे दोन वेगळे नियम आहेत. आपण मित्रमंडळीत दुसऱ्यापासून सुरुवात करतो. पुस्तक हातात असतं आणि ते कुणाच्या गळ्यात घालावं, हे शोधत असतो. तुम्ही पहिल्यापासून करून बघा.

दोन-तीन आठवड्यांनी एकदाच ‘कुठवर आलीस?’ म्हणा. ‘वाचलंस का?’ ही परीक्षा होते.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या इमारतीत बारा जण पुस्तकं आपसांत फिरवतो. सहा महिन्यांत सात पुस्तकं बेपत्ता. विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, ‘मी पुढे दिलं.’ काय करावं?

उत्तर : गळती त्या ‘पुढे दिलं’मध्येच आहे. पुस्तक नेणाऱ्याकडून परस्पर तिसऱ्याकडे जायचं नाही, मालकाकडे किंवा वही सांभाळणाऱ्याकडे येऊनच पुढे जायचं, हा पहिला नियम. वहीत पाच रकाने पुरतात : पुस्तक, मालक, नेणारा, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. वही एकाच घरी ठेवा, वॉचमनच्या टेबलावर नको. मोबाइलवरचा तक्ता दिसायला छान, पण तिसऱ्या महिन्यापासून तो कुणी भरत नाही.

एका वेळी एक पुस्तक, २१ दिवस. कुणी रांगेत नसेल तर एकदा मुदत वाढवा. महिन्याचा एक रविवार ठरवून सगळ्यांनी हातातलं पुस्तक प्रत्यक्ष घेऊन यायचं. वीस मिनिटांत मोजणी होते. हरवलं तर तेच पुस्तक नवं आणून द्यायचं, मिळत नसेल तर तेवढ्याच किमतीचं दुसरं. हे आधी ठरवा. हरवल्यानंतर ठरवायला बसलात की मन दुखावणारच.

नाव फक्त पहिल्या पानावर घालू नका, ते पान सगळ्यात आधी सुटतं. ग्रंथालयं आतल्या एका ठरावीक ‘गुप्त पाना’वर शिक्का मारतात. तुम्हीही सगळ्या पुस्तकांत एकच पान धरा, समजा २१, आणि खालच्या समासात मालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहा. नावाची चिठ्ठी सेलोटेपनं डकवू नका. टेप पिवळी पडते आणि काढताना छपाई घेऊन निघते. लेखकाच्या सहीची प्रत, किंवा वडिलांनी समासात टिपणं केलेली प्रत फिरवायला काढूच नये.

प्रश्न : खारघरला पावसाळ्यात उसनी दिलेली पुस्तकं फुगून, डाग पडून परत येतात. आमच्या कपाटातही कुबट वास येतो.

उत्तर : कागद हवेतला ओलावा पितो. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून बरीच वर असते. कपाट बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन-तीन इंच जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका. पिशवीतून नेताना प्लॅस्टिक ठीक, पण घरी पोचल्यावर लगेच काढा, नाहीतर आतला दमट वाफारा आतच राहतो.

पुस्तक भिजलंच तर हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. पानं वेडीवाकडी होतात. दर पंधरा-वीस पानांमागे टिश्यू पेपर घालून पंख्याखाली ठेवा, टिश्यू ओले झाले की बदला, आणि जवळजवळ वाळल्यावर वर वजन ठेवा. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं वाळताना चिकटून ठोकळा होतात; त्यांत ओली असतानाच प्रत्येक पानामध्ये कागद घालावा लागतो. बुरशी ओल्या फडक्यानं पुसली तर पसरते. आधी पूर्ण वाळवा, मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशनं झटका.

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या वाचक ग्रुपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. हे चालतं का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून खुलं. पु. ल. २००० मध्ये गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत नाही. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. अनुवादाचा हक्क वेगळा असतो, नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेचा आणि टिपांचाही. हक्क संपलेली बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोतवर आहेत. ग्रुपवर त्याचा दुवा द्या, फाइल नको.

प्रश्न : कळव्यातल्या मैत्रिणीनं सुचवलेलं जुनं पुस्तक कुठल्याच दुकानात नाही. ‘आउट ऑफ प्रिंट’ म्हणतात.

उत्तर : ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालं, वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. दुकानातून उठलेल्या पुस्तकांसाठी अशा जुन्या ग्रंथालयात आधी विचारावं. फक्त नाव घेऊन जाऊ नका, एकाच नावाची दोन-तीन पुस्तकं निघतात. मैत्रिणीला शीर्षकपानाच्या मागच्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, सगळं तिथेच असतं.

प्रश्न : मित्रानं आवर्जून दिलेलं पुस्तक आवडलं नाही. कसं सांगू?

उत्तर : पान आणि कारण सांगा : ‘साठाव्या पानाला सोडलं, निवेदक सारखा उपदेश करतोय असं वाटलं.’ ‘छान आहे, वाचतोय’ म्हणालात तर त्याच लेखकाची आणखी दोन पुस्तकं घरी येतील. आणि पुस्तक त्याच आठवड्यात परत करा.