वेटिंग नंबर नसलेली यादी

प्रिय मुली,

काल रात्री इथे जेवणं आटोपल्यावर तुझा मेल वाचला. नाशिकला तेव्हा नुकतं उजाडलं असणार, म्हणजे तू रात्रभर जागीच होतीस. तीन कॉलेजांचा नकार, पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजाचा होकार, आणि जिथे जायचं म्हणून दोन वर्षं झटलीस त्या मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजाची वेटलिस्ट. खाली एकच प्रश्न विचारला आहेस : "मावशी, माझा नंबर कितवा असेल?"

नंबर नसतो. आधी हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे वेटिंग म्हटलं की रेल्वेचं तिकीट आठवतं. पुढचे चारजण गळाले की आपण चार घरं वर सरकतो. सीईटीच्या कॅप राउंडलाही मेरिट नंबर हातात असतो आणि त्यावरून अंदाज बांधता येतो. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं ही यादी क्रमाने लावतच नाहीत. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांनी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्यानंतर प्रवेश कार्यालयात मोजणी होते : किती मुलं येतायत, कोणत्या विषयाला कमी पडली, वसतिगृहात किती खाटा उरल्या, आर्थिक मदतीच्या पैशांपैकी किती शिल्लक आहेत. मग यादीतून त्या त्या रिकाम्या जागेला बसेल असा विद्यार्थी उचलतात. तू कमी पडलीस म्हणून तिथे अडकलीस असं मनात आणू नकोस.

जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत. स्टॅनफर्डने २०१९ साली वेटलिस्टवरून ८ जणांना घेतलं आणि कोविडच्या २०२० साली २५९ जणांना. अमेरिकेतल्या प्रवेश अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे नॅकॅकने, २०१९च्या अहवालात सरासरी दिली होती : वेटलिस्टवर थांबायला तयार झालेल्यांपैकी साधारण २० टक्क्यांना प्रवेश मिळाला, आणि सर्वांत निवडक कॉलेजांमध्ये फक्त ७ टक्क्यांना. तुझ्या कॉलेजाचे आकडे हवे असतील तर त्यांचा 'कॉमन डेटा सेट' शोध. बहुतेक कॉलेजं तो दरवर्षी आपल्या साइटवर टाकतात. त्यात सी२ या विभागात किती जणांना वेटलिस्ट दिली, किती थांबले, किती घेतले हे असतं. निदान चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांड. एका वर्षाच्या आकड्यावरून आशाही धरू नकोस, निराशही होऊ नकोस.

आता कामाचं. ज्या कॉलेजाने हो म्हटलं, तिथे आधी जागा पक्की कर. डिपॉझिट, म्हणजे जागा राखून ठेवायला भरायची रक्कम, एकाच ठिकाणी भरायचं. दोन ठिकाणी भरून ठेवू असा सल्ला तुला कुणीतरी देईलच, पण ते लबाडीचं आहे आणि उघडकीला आलं तर दोन्हीकडचा प्रवेश जाऊ शकतो. एका ठिकाणी डिपॉझिट भरून दुसऱ्याच्या वेटलिस्टवर थांबणं मात्र पूर्ण रीतसर आहे. उद्या वेटलिस्टचा होकार आला तर भरलेलं डिपॉझिट परत मिळत नाही, एवढं बाबांना आत्ताच सांगून ठेव.

हे मी इतक्या कळकळीने का सांगते, ऐक. माझा मुलगा असाच एका कॉलेजाच्या वेटलिस्टवर होता. एप्रिल, मे, जून असे तीन महिने आमच्या घरात फक्त त्याच कॉलेजाचा विषय. ज्या कॉलेजाने त्याला पहिल्या फेरीत आनंदाने बोलावलं होतं, त्याचे मेल आम्ही उघडलेसुद्धा नाहीत. जूनच्या शेवटी तीन ओळींचा मेल आला की यादी बंद झाली. तोवर वसतिगृहाच्या फॉर्मची मुदत उलटली होती आणि पहिल्या सत्राचे त्याला हवे असलेले दोन वर्ग भरले होते. तो मन मारून तिथे गेला, डिसेंबरपर्यंत कुणाशी मैत्री नाही, सुट्टीत घरी आला तोच उतरलेल्या चेहऱ्याने. दोष कॉलेजाचा नव्हता. ज्यांनी दार उघडलं त्यांच्याकडे आम्ही पाठ फिरवून बसलो होतो. तुझ्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नाही.

म्हणून गेल्या शनिवारी मी न्यू जर्सीहून गाडी काढली आणि दोन तासांवरच्या तुझ्या त्या पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजात जाऊन आले. प्रवेश मिळालेल्या मुलांना एप्रिलमध्ये बोलावतात : एमआयटीचा 'कॅम्पस प्रीव्ह्यू वीकेंड', येलचे 'बुलडॉग डेज' ही त्यातली गाजलेली नावं. पण दोन दिवसांसाठी नाशिकहून येणं, व्हिजिटर व्हिसा, विमानाचं तिकीट हे तुमच्या घराला झेपणारं नाही आणि त्याची गरजही नाही. शिवाय अशा दिवसांत कॉलेज सणासारखं सजलेलं असतं. मी साध्या दिवशी गेले, ते बरंच झालं.

भोजनगृहात पैसे भरून जेवले. शाकाहारी काउंटरवर राजमा होता, भात होता, आणि एक मुलगी घरच्या डब्यातलं लोणचं काढून वाढून घेत होती. तिच्या शेजारी जाऊन बसले. हैदराबादची होती, दुसऱ्या वर्षाला. तिला मी विचारलं, की हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद होतं तेव्हा तू कुठे राहतेस? म्हणाली, पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, ऐन वेळी एका प्राध्यापिकेच्या घरी राहिले. आता आधीच अर्ज करते, एक इमारत उघडी ठेवतात. बघ, ही माहिती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. वाचनालय रात्री भरलेलं होतं. जीवशास्त्राच्या इमारतीत मार्गिकेच्या भिंतीवर विद्यार्थ्यांच्या उन्हाळी संशोधनाची पोस्टर्स होती. त्यातलं एक सफरचंदाच्या बागेतल्या बुरशीवर होतं. मी तिथेच उभी राहून तुझा आणि मामाच्या द्राक्षबागेतल्या तुझ्या यंत्राचा विचार केला. फोटो वेगळे पाठवते, पोस्टरवर प्राध्यापकांचं नाव आहे. त्यांना लिही.

तू स्वतःही भेट घेऊ शकतेस, घरबसल्या. प्रवेश मिळालेल्यांसाठी ऑनलाइन बैठका असतात, त्यांना बस. तिथे हवामान कसं आहे हे विचारण्यात वेळ घालवू नकोस. आर्थिक मदत चारही वर्षं तेवढीच राहते का, आरोग्य विम्याचा खर्च तिच्यात धरला आहे का, फी वाढली तर मदत वाढते का, हे विचार. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. तेवढं काम पहिल्या वर्षाच्या मुलांना खरोखर मिळतं का, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचार, कार्यालयाला नको.

आता वेटलिस्टचं पत्र, म्हणजे अजून यायची इच्छा आहे हे त्या कॉलेजाला कळवणारं. तुझा मसुदा वाचला. पहिल्या परिच्छेदात "आपलं जगप्रसिद्ध विद्यापीठ" आहे, ते काढ. त्यांना ते माहीत आहे. दुसऱ्या परिच्छेदात लहानपणापासूनची स्वप्नं आहेत, तीही काढ. अर्जात हे सगळं येऊन गेलंय. या पत्राला एकच काम असतं : अर्जानंतर नवं काय घडलं आणि जागा दिलीत तर मी नक्की येईन का, हे सांगणं.

नवं काय घडलं, ते तू लिहिलेलंच नाहीस! डिसेंबरात अर्ज भरलास तेव्हा मामाच्या द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा मोजणारं यंत्र नुकतं बसवलं होतंस. आता हंगाम संपला, माल निघाला. केवडा या बुरशीच्या रोगासाठी मामाने यंदा किती फवारण्या केल्या, तुझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून किती टाळल्या, कुठे तुझं यंत्र चुकलं आणि मामा रागावला, हे लिही. चुकलेलंही लिही, त्यावरून पुढे काय बदललंस तेही लिही. नऊ-दहा ओळी पुरेत. त्यापुढे त्या कॉलेजातल्या ज्या प्रयोगशाळेत हे काम पुढे नेता येईल तिचं नाव, आणि शेवटी एक वाक्य : जागा मिळाली तर मी येईन. हे वाक्य खरं असेल तरच लिहायचं. घरच्यांशी पैशाचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय ते खरं नाही.

एक पान, एकदाच, भारतातले अर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने. पोर्टलवर वेगळा फॉर्म दिला असेल तर तिथेच आणि त्यांनी दिलेल्या शब्दमर्यादेतच. बारावीचा निकाल लागला की एक छोटा मेल. बस. बाबांनी फोन करायचा नाही. आमदारांचं शिफारसपत्र आणू का, असं तुझ्या काकांनी विचारलंय. त्यांना माझा नमस्कार सांग आणि आणू नका म्हणावं. तुला वर्गात न पाहिलेल्या माणसाच्या पत्राला तिथे काही किंमत नाही.

तू 'इंटरेस्ट दाखवणं', म्हणजे त्या कॉलेजात यायची आस्था दाखवणं, याबद्दलही विचारलंयस. मैत्रिणीने सांगितलं की मेल उघडला तरी मोजतात. काही ठिकाणी खरंच मोजतात. बऱ्याच कॉलेजांत स्लेट नावाची प्रणाली आहे, तिच्यात मेल उघडल्याची, ऑनलाइन बैठकीला बसल्याची नोंद राहते. पण या नोंदीला वजन किती, ते प्रत्येक कॉलेजाचं वेगळं. त्याच कॉमन डेटा सेटमध्ये सी७ विभाग बघ, 'अर्जदाराची आस्था' या ओळीपुढे खूण असते. एमआयटीसारख्या ठिकाणी ती विचारातच घेत नाहीत. तुझ्या कॉलेजाची खूण 'विचारात घेतो' या रकान्यात असेल, तर तुझं ते एक पान हाच तुझा इंटरेस्ट. रोज पोर्टल उघडून तो वाढत नाही, तुझी झोप मात्र जाते.

पैशाची गोष्ट कठीण आहे, तरी सांगते. पहिल्या फेरीत मदतीची गरज न बघता निवड करणारी काही कॉलेजं वेटलिस्टच्या वेळी गरज बघतात, आणि परदेशी मुलांना वेटलिस्टवरून घेतलं तर मदत देता येणार नाही असं काही ठिकाणी स्पष्टच सांगतात. म्हणून पत्राआधी त्या कार्यालयाला दोन ओळींत विचार. उत्तर 'नाही' आलं, तर वेटलिस्टवरून नाव काढून घे. त्यात कमीपणा नाही. बाबांनी घर गहाण टाकून पाठवावं असं कुठलंही कॉलेज नाही, हे मी तुझ्या आईची पंचवीस वर्षांची मैत्रीण म्हणून सांगते.

आणि वेळ. वेटलिस्टचे होकार मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येतात, क्वचित जुलैतही. त्यानंतर नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रवेशाचं कागदपत्र, मग मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. व्हिसावर कॉलेजाचं नाव छापलेलं असतं, त्यामुळे कॉलेज बदललं की हा सगळा व्याप पुन्हा. २०२५ साली मेच्या अखेरीपासून जवळपास तीन आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच बंद होतं. म्हणून पेनसिल्व्हेनियाचा आय-२० आला की वेटलिस्टची वाट न बघता व्हिसाचा अर्ज भर. आणि मनात एक तारीख ठरव. मी १५ जून म्हणेन. त्यानंतर ती यादी तुझ्यासाठी संपली.

डिपॉझिटची मुदत १ मे, रात्री ११:५९, तिथली वेळ. आपल्याकडे २ मेची सकाळ, साडेनऊला एक मिनिट कमी. पण १ मेला महाराष्ट्र दिनाची बँकेला सुट्टी, आणि बाबांच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्यायला शाखेत जावं लागलं तर पंचाईत. २८ एप्रिलच्या आत भर आणि पावतीचा फोटो मला टाक.

पत्राचा दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव. मामाला विचारून फवारण्यांचा आकडा नक्की कर, अंदाजे लिहू नकोस.

तुझी,
मावशी