'आयेशा' या नावाचा अर्थ काय, ते मूळचे कुठले आणि ते कितपत प्रचलित आहे?

'आयेशा' या अरबी नावाचा अर्थ 'जगणारी, जिवंत असलेली' असा होतो. ज्या मूळ धातूचा अर्थ 'जगणे' आहे, त्याचे हे स्त्रीलिंगी कर्तृवाचक रूप असून, त्याच धातूपासून आलेला 'ऐश' हा शब्द इजिप्तच्या बोलीत चक्क पावासाठी वापरला जातो, तर फारसीमार्गे मराठीत येऊन तो 'ऐषआरामा'तला 'ऐष' झाला. काही नामसूचींत दिलेला 'सुखी' किंवा 'समृद्ध' हा अर्थ म्हणूनच अगदी निराधार नाही. मात्र तो शब्दार्थ नसून भावार्थ आहे. मराठीतील 'आशा' संस्कृतमधून आलेली असल्याने तिचा या नावाशी संबंध नाही, जरी स्वाहिलीत याच अरबी नावाचे रूप 'आशा' असे होत असले तरी.

नावाच्या प्रसाराचे मुख्य कारण म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या पत्नी आणि पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या आयेशा, ज्यांच्याकडून मोठ्या संख्येने हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या व कृतींच्या आठवणी, सांगितल्या गेल्या आहेत. तुर्कस्तानात 'आयशे', सेनेगलमध्ये 'आयसातू' अशा रूपांत ते घरोघरी आढळते. शिया समाजात मात्र ते क्वचितच ठेवले जाते, कारण इ. स. 656 मधील उंटाच्या लढाईत आयेशा या शियांचे पहिले इमाम अली यांच्या विरोधी पक्षात होत्या.

देवनागरीत आयेशा, आयशा, आएशा ही तिन्ही रूपे चालतात. आरंभीच्या, घशातून खोल उच्चारल्या जाणाऱ्या अरबी व्यंजनासाठी आपल्याकडे अक्षरच नाही.