वय ४७, शुगर बॉर्डरवर, पण व्यायामाची इच्छाच होत नाही. प्रेरणा कुठून आणू?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४७, उंची पाच फूट तीन इंच, वजन ७८ किलो, पतसंस्थेत दिवसभर बसून काम. दोनदा जिम लावली, दोन्ही वेळा महिनाभरात सुटली. आता एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) ६.१ आलंय, भीती वाटते, तरी सकाळी उठवत नाही. आणि शेवटी विचारलंय की प्रेरणा कुठून आणायची आणि जिमची वर्षाची फी परत भरावी का. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात राहते, पन्नाशी ओलांडली आहे आणि गेली काही वर्षं नेमाने व्यायाम करते. मला जे उमगलं ते सांगते.

नुसतं ‘वजन कमी करायचंय’ म्हणून आपल्या वयाची बाई फार दिवस पहाटे उठत नाही. विशीत लग्न ठरायचं असतं, फोटो काढायचे असतात, चार लोक काय म्हणतील ते असतं. पंचेचाळिशीनंतर त्या गोष्टींची ओढ राहत नाही, आणि ती राहू नये असंच मला वाटतं. मग उरतो फक्त काटा. पहिले दोन किलो भराभर उतरतात, नंतर तीन-तीन आठवडे काटा जागचा हलत नाही आणि आपण सोडून देतो. तुमची इच्छाशक्ती कमी आहे असं मी म्हणणार नाही. कारणच लेचंपेचं होतं.

मला कारण सापडलं ते आईकडे बघून. सत्तरीला आली तेव्हा तिला मोठा असा कुठलाच आजार नव्हता. बीपीची एक गोळी, बस. पण तिचं खाली बसणं बंद झालं होतं. गौरींना सगळ्या जणी सतरंजीवर बसून पुरण वाटायच्या, भाज्या निवडायच्या आणि आई कोपऱ्यात खुर्चीवर. एका वर्षी ती हट्टाने पाटावर बसली. उठताना आधी उजवा हात जमिनीला टेकवला, मग गुडघा टेकला, मग दाराची चौकट पकडली आणि तिथेच अडकली, धड बसलेली नाही, धड उभी नाही. मी पुढे झाले तर म्हणाली, “हात नको लावूस, येतंय मला उठायला.” शेवटी दोघींनी धरून उठवली. त्यानंतर हळूहळू तिने गावची जत्रा सोडली, पायऱ्या असलेली देवळं सोडली, साधा संडास असलेल्या नातेवाइकांकडे राहायला जाणं सोडलं. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगायची. खरं कारण मांड्यांमधली ताकद गेली, हेच होतं.

तेव्हापासून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: सत्तरीत मला काय काय करता आलं पाहिजे? माझी उत्तरं साधी आहेत. जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठायचंय. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला आपल्या पायांनी चढायचाय. आषाढीला माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा लोणंद ते तरडगाव चालायचंय आणि चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण गर्दीत उभं राहून बघायचंय. तुमची उत्तरं वेगळी असतील. नातवंड कडेवर घेऊन जिना चढायचा असेल, शेतावर जाऊन राहायचं असेल, एकटीने प्रवास करायचा असेल. पण ती कागदावर लिहा, आणि ‘निरोगी राहायचंय’ असलं मोघम काही लिहू नका. डोळ्यांसमोर येईल असं काम लिहा. अशा कामासाठी आज काय करायचं ते लगेच कळतं. ‘वजन उतरवायचंय’ म्हटलं की काहीच कळत नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. तुम्ही एकट्या नाही, आणि इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत अशाच लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यांच्यातल्या एका गटापुढे दोनच उद्दिष्टं ठेवली होती: वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालण्याइतका व्यायाम करायचा. जवळपास तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. चेन्नईत आपल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात फायदा इतका मोठा नव्हता, २८.५ टक्के होता, पण तोही गोळीच्या तोडीचाच. (म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका.)

७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ताई, साडेपाच! लग्नातलं वजन परत आणायचंय असं डोक्यात असेल तर ते आजच काढून टाका. पहिलं मुक्कामाचं ठिकाण ७२-७३ आहे, आणि तिथवर सहा-आठ महिन्यांत आरामात पोचता येतं.

काट्यापेक्षा शिवणकामाची टेप जास्त खरं सांगते. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा असं मानतात, पुरुषांसाठी ९०. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं दिसतात त्यापेक्षा जास्त चरबी बाळगतात आणि ती पोटात बाळगतात. पाळी थांबायच्या सुमारास तर ती कमरेकडे सरकतेच, त्यामुळे तुमचा घेर वाढला त्यात तुमचा आळस सगळा नाही. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेप लावा, आकडा लिहून ठेवा, पुढच्या महिन्यापर्यंत विसरा.

‘या वयात मेटाबॉलिझमच मंदावतो, मग काय उपयोग’ हे मीही बायकांच्या तोंडून रोज ऐकते. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांची मोजमापं होती. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. घटतात ते स्नायू, आणि ते न वापरल्याने जास्त घटतात. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं, कारण वय आपल्या हातात नाही, स्नायू आहेत.

म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. त्याला यंत्रं लागत नाहीत. खुर्चीवर बसायचं आणि हात छातीशी ठेवून उठायचं, दहा वेळा. ते सोपं झालं की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल. भिंतीला हात टेकून दंड, मग ओट्याला टेकून. पाच-पाच लिटरचे दोन कॅन पाण्याने भरून हातात धरून घरभर चालायचं. आणि सूर्यनमस्कार! आमच्याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानात तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत सुरू केले आणि आयुष्यभर त्यांचा प्रसार केला. गुडघे कुरकुरत असतील तर सुरुवातीला दोन-चारच, सावकाश, श्वास सांभाळून.

पहाटे उठवत नाही, त्याचं काय? पहिली गोष्ट, पहाटच हवी असा कुठे नियम आहे? पतसंस्थेतून सुटल्यावर घरी न जाता तिथूनच चालायला गेलात तरी चालेल. एकदा घरात शिरलं की कुकर, चहा, फोन, कुणाचं तरी काहीतरी, आणि संपलं. बूट ऑफिसातच ठेवा. दुसरी गोष्ट, सोबत. आम्ही काही जणी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चढतो. गाडीरस्ता आहे, चढ मात्र चांगला आहे. खाली सगळ्यांच्या सुना, बदल्या, भिशी, सगळं बोलून होतं. चढाच्या वळणाला आलो की आवाज आपोआप बंद होतात, फक्त श्वास ऐकू येतात आणि दरवाज्याजवळच्या मारुतीपाशी पोचलो की परत सुरू. बोलता येतं पण गाता येणार नाही, इतपत धाप म्हणजे योग्य वेग. मला पहाटे उठवतो तो वेळेचा गजर नव्हे. खाली कोपऱ्यावर कुणीतरी माझी वाट बघत उभी असते, तिला ताटकळत ठेववत नाही, म्हणून मी उठते. तुम्हीही अशी एक जण शोधा. शेजारीण, सहकारी, नणंद, कुणीही. ती तुमच्यापेक्षा फिट असायची गरज नाही, वेळेला पक्की हवी.

आणि खाडा पडला म्हणून सोडू नका. दोन्ही वेळा तुमचं तेच झालं असणार: घरात लग्न, आजारपण किंवा परीक्षा, आठवडा बुडाला आणि ‘आता सुटलंच’ म्हणून जाणंच थांबलं. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुम्ही महिनाभरात सोडलंत ते सवय लागायच्या निम्म्या वाटेवर. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी खुर्चीवरून दहा वेळा उठा आणि झोपा. तेवढ्यानेही धागा तुटत नाही.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण सल्ले देणाऱ्यांचा सुकाळ आहे. वजन मुख्यतः ताटातून उतरतं. तासभर भराभर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी जातात आणि एका वडापावात त्या परत येतात. व्यायामाने अंगात जोर येतो, त्याच्याकडून तेवढंच मागा. महाराष्ट्रात दोन वेळा जेवणाची पद्धत बऱ्याच जणांनी धरली आहे, कुणाला मानवते, कुणाला नाही. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी स्वतः दोनच गोष्टी बदलल्या. ऑफिसात पाच वेळा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम नुसती चहातून, ती गेली. आणि आपल्या पोळी-भाजी-भात-आमटीत प्रथिनं कमी पडतात, म्हणून दुपारच्या डब्यात मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ पोळीपेक्षा जास्त घ्यायला लागले, संध्याकाळी उकडलेली अंडी किंवा ताक-फुटाणे. सणाला पुरणपोळी खाते, तुपासकट. त्याचं वाईट वाटून घेत नाही.

घरचे बोलतील. ‘आता या वयात कशाला’, ‘चहा कोण करणार सकाळचा’. ताई, रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा आणि सरळ सांगा की हा पाऊण तास माझा आहे. परवानगी मागू नका. आपल्या पिढीच्या बायकांनी सगळ्यांची पथ्यं सांभाळली, स्वतःची तपासणी मात्र पुढे ढकलली. मला ते बघवत नाही, म्हणून इतकं लांबलचक लिहिते आहे.

फीचं म्हणाल तर वर्षाची भरू नका. आधी डॉक्टरांकडून बीपी, थायरॉइड आणि गुडघे बघून घ्या. चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दाखवा. मग महिना-दोन महिने वर लिहिलेलं घरीच करा. वजनं उचलायला शिकायची ओढ लागली की जिम लावा, पण महिन्याच्या फीवर, ऑफिस ते घर या वाटेवरचीच. तिथल्या ट्रेनरला विचारा की पंचेचाळिशीच्या बाईला, गुडघे सांभाळून, बैठका कशा शिकवाल. तो लगेच ट्रेडमिल किंवा प्रोटीन पावडर दाखवायला लागला तर नमस्कार करून बाहेर पडा. आणि पैसे देण्याआधी संध्याकाळी सहा-साडेसहाला, म्हणजे तुमच्याच वेळेला, एकदा आत डोकावून या. त्या वेळी तुमच्या वयाच्या किती जणी तिथे असतात ते बघा.